गोळीखालचं अस्तर

मर्टल फ्लॅट, टास्मानिया
९ नोव्हेंबर १९९६

ती. एनिडताईस,
धाकट्या नोलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तुमच्या बेटावरचं चीज, दोन्ही पोचलं. चीज ॲथॉलने एका बैठकीत संपवलं, पत्र मी पुरवून पुरवून वाचलं. तो निवृत्त झाल्यापासून घर कसं चाललंय असं तू विचारतेस. बेचाळीस वर्षं लोकांची घरं रंगवलेला माणूस ऑगस्टपासून माझ्या घरात आहे, आणि स्वस्थ बसणं त्याच्या गावी नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला दोनदा रंग झाला. एक कोंबडीही थोडी हिरवी झाली आहे, पण अंडी देते. टपालपेटी कायम ओली असते, म्हणून पोस्टमन पत्रं कुंपणाला चिमट्याने लावून जातो.

रंगवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्याने मला हाती घेतलं. तुला ठाऊक आहे, अकरा वर्षं मी थायरॉईडची गोळी सकाळी उठल्या उठल्या फ्रिजपाशी उभ्यानेच पाण्याबरोबर घेते, मग कोंबड्यांना दाणे टाकते आणि मग कुठे चहा. आता तसं नाही. साडेसहाला ॲथॉल ट्रे घेऊन अंथरुणाशी हजर असतो. दुधाचा चहा, दोन बिस्किटं, बशीत गोळी. सगळ्या गल्लीत सांगत फिरतो की बायकोला अंथरुणात चहा नेऊन देतो.

त्यात माझ्या पोटाने बंड केलं. गेल्या महिन्यातल्या प्रदर्शनात सेहेचाळीस लोणची चाखली. एकोणीस वर्षं परीक्षक म्हणून बसते आहे, पण छातीत अशी आग कधी पडली नव्हती. मोहरीच्या लोणच्यात यंदाही पहिलं बक्षीस कुणाला दिलं नाही, म्हणून समितीची चिटणीस ऊना कॉर्डेल माझ्याशी तोंड वाकडं करून बोलते. तिच्या लोणच्यावर पाण्याचा थर होता, ताई. डोळे असून मी कसं देऊ?

तर ॲथॉलने दुकानातून पित्ताचं पांढरं औषध आणलं. बाटली हलवून बघितली आणि त्याचा चेहराच खुलला. म्हणाला, हे तर अस्तर आहे. त्याचं म्हणणं असं की कोऱ्या भिंतीवर थेट रंग मारला तर भिंत तो पिऊन टाकते, तसंच रिकाम्या पोटात थेट गोळी टाकणं अडाणीपणाचं आहे. आधी पांढऱ्याचा एक हात, मग गोळी, मग चहा. रोज सकाळी मला एक चमचा अस्तर मिळतं. आग थांबली हे मात्र खरं. बाटलीवरचं बारीक लिखाण वाच म्हटलं तर म्हणाला, रंगाच्या डब्यावरचंही त्याने आजवर कधी वाचलेलं नाही.

बाकी क्षेम. तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी
नोला


किंग आयलंड
२६ नोव्हेंबर १९९६

चि. नोला हीस,
एनिडताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी पोस्टातच उघडलं आणि हिरवी कोंबडी वाचून इतकी हसले की पोस्टातल्या बाईंनी पाणी आणून दिलं. मी तुला लग्नाआधीच बजावलं होतं, हा मुलगा चांगला आहे पण त्याच्या हातात सतत काहीतरी लागतं. तेव्हा तू म्हणालीस की माझा हात लागेल. आता भोग आपल्या कर्माची फळं.

अस्तराची गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगितली. मात्र त्याला सांग, वरून पॉलिश पेपर घासायला लागला तर मी विमानात बसून येईन.

सोबत वाळवलेलं समुद्रशेवाळ पाठवते आहे. इथली माणसं ते गळ्याच्या विकारावर चांगलं म्हणतात, पण तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नकोस. वास मात्र सहन करावा लागेल. मार्चच्या प्रदर्शनाला मी येणार आहे, तू नेहमीसारखी नाक वर करून बरण्यांमधून फिरताना मला बघायचं आहे.

तुम्हां दोघांना माझी आठवण असो द्यावी.
एनिड


मर्टल फ्लॅट
८ जानेवारी १९९७

ती. एनिडताईस,
नोलाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सुरू करून चार दिवस झाले. मध्ये काय लिहायचं ते विसरते, मग पेन कुठे ठेवलं ते विसरते. तुझं शेवाळ मिळालं. खायचं नाही हे लक्षात होतं. ॲथॉलने ते गुलाबांना घातलं आणि शेजारच्यांचा कुत्रा दोन दिवस त्यात लोळत होता.

आज या उन्हाळ्यातला सगळ्यात कडक दिवस असं रेडिओवर सांगितलं. मी दोन स्वेटर घालून चुलीपाशी बसले आहे. माझा आवाज बसला आहे. काल फोनवर खाटीक मला ॲथॉल समजून दहा मिनिटं क्रिकेटबद्दल बोलला आणि मीही त्याला थांबवलं नाही. भुवयांची टोकं गळून गेली. आरशात बघितलं की कोणीतरी मला पुसत आणल्यासारखं दिसतं.

नवीन वर्षाला पलीकडच्या गावच्या छोट्या प्रदर्शनात मी परीक्षक होते. एकतीस बरण्या होत्या. मी एकतीस जणांना पहिलं बक्षीस दिलं. सगळंच छान लागलं. खरं सांगायचं तर काहीच लागलं नाही, व्हिनेगर पाण्यासारखं लागलं. पहिल्या बक्षिसाच्या निळ्या फिती चोवीसनंतर संपल्या, तेव्हा ॲथॉलने उरलेल्या सात जणांना व्यासपीठाचा पडदा कापून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने माझा गालगुच्चा घेतला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, गोळीचा काही उपयोग दिसत नाही. रोज घेता ना, फ्रिजमध्ये ठेवता ना, असं दोनदा विचारलं. दोन्हीला हो म्हटलं. त्यांनी डोस वाढवला. महिन्यापूर्वीही वाढवला होता.

ताई, मला आई आठवते. ती खिडकीशी बसून असायची आणि शेवटी शेवटी तुला नोला आणि मला एनिड म्हणायची. सगळे म्हणाले तिचं डोकं गेलं. मला भीती वाटते. मला दुसरं काही म्हणायचं नाही, एवढंच म्हणायचं आहे.

लोभ ठेव.
नोला


मर्टल फ्लॅट
२० जानेवारी १९९७

श्रीमती एनिडताई यांस,
ॲथॉलचा कृ. सा. न. वि. वि.

लग्नानंतरच्या एकोणचाळीस वर्षांत तुम्हांला हे माझं पहिलंच पत्र. शेडमध्ये बसून लिहितो आहे, नोलाला ठाऊक नाही. अक्षराला हसू नका, माझा हात चार इंची ब्रशला सरावलेला आहे.

ताई, ती माझं सगळं ऐकते. मला आधी बरं वाटलं, आता घाबरून गेलो आहे. परवा मी भाजलेल्या मटणावर मिठाऐवजी साखर घातली. छान झालंय म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. रविवारी तिची परीक्षा घ्यावी म्हणून मी म्हटलं, स्वयंपाकघर जांभळं करतो. ती म्हणाली, कर. मग मी शेडमध्ये येऊन जांभळ्या रंगाचा डबा उघडला.

औषधपाण्यात मी कसूर केलेली नाही हे तुम्ही समजून घ्या. गोळ्या थंड हव्यात म्हणून शेडमधल्या फ्रिजमधली बिअर काढली आणि तो फ्रिज गोळ्यांना दिला. आत तापमापक लावला आहे, दिवसातून तीनदा बघतो. डॉक्टरांनी गोळी वाढवली तसं मी अस्तरही वाढवलं. रंगाचे हात वाढले तर खालचा हात दाट लागतो. एक चमचा होता, मग दोन केले, आता सकाळी तीन देतो. एक दिवसही चुकवलेला नाही, आणि ती तर दिवसेंदिवस विझतच चालली आहे.

गेल्या आठवड्यात समितीच्या तिघीजणी फळांचा केक घेऊन आल्या. ऊनाने फार गोड बोलून सांगितलं की मार्चमध्ये नोलाने पाहुण्यांना गुच्छ द्यावेत, चाखण्याचं काम दुसरं कुणी करेल. नोला हो म्हणाली. केकची कडा करपली होती, तीही छान आहे म्हणाली. त्या गेल्यावर मला म्हणाली, बर्नी गावात वृद्धांसाठी जे घर आहे तिथे माझं नाव घाल, म्हणजे तुझा भार हलका होईल. मी चौकशी केली. ईस्टरनंतर एक खोली रिकामी होते आहे, ईस्टरपर्यंत कळवा म्हणाले. ताई, हा भार गेला तर मी उचलू काय? तुम्ही शिकलेल्या आहात. काय करू ते सांगा.

आपला आज्ञाधारक, कृपादृष्टी असावी.
ॲथॉल


किंग आयलंड
३१ जानेवारी १९९७

श्री. ॲथॉलराव यांस,
एनिडचा स. न. वि. वि.

बसून वाचा. शेडमध्ये असाल तर शिडीवर बसू नका.

तुमचं पत्र आणि नोलाचं पत्र मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचलं. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, दोन वह्यांत मिळून एक चूक लपलेली असली की मला वास येतो. दोन्ही पत्रं घेऊन मी इथल्या दवाखान्यातल्या परिचारिका बाईंकडे गेले. अस्तर ऐकून त्या खुर्चीचा हात धरून हसल्या. तीन चमचे ऐकल्यावर हसायच्या थांबल्या आणि त्यांनी पुस्तक काढलं.

आता मी तुम्हांला तुमच्या भाषेत विचारते. जुन्या भिंतीवरून हात फिरवला आणि तळव्याला पांढरी भुकटी लागली, तर त्यावर तुम्ही रंग द्याल का? नाही देणार, आधी धुऊन खरवडून काढाल. कारण रंग भिंतीला धरत नाही, भुकटीला धरतो, आणि तिच्याबरोबर गळून पडतो. ते पित्ताचं औषध म्हणजे ही भुकटी. नोलाची गोळी तिच्या अंगी लागतच नाही, त्या पांढऱ्याला चिकटते आणि त्याच्याबरोबर बाहेर जाते. डॉक्टर गोळी वाढवतात, तुम्ही भुकटी वाढवता. तिचं डोकं कुठेही गेलेलं नाही. तिला दोन-तीन महिने औषधच मिळालेलं नाही.

उद्यापासून गोळी नुसत्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. नंतर एक तास चहा नाही, बिस्किट नाही. पित्ताचं औषध लागलंच तर गोळीपासून चार तास लांब. आणि हे आजच्या आज डॉक्टरांना सांगा. तिचा डोस दोनदा वाढलेला आहे, अस्तर काढल्यावर तो सगळाच्या सगळा लागू पडेल आणि दुसऱ्या बाजूने त्रास होईल. हे सांगायला लाजू नका.

चूक मायेने झाली म्हणून ती चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. पण तुमच्याइतकं तिच्याकडे रोज कुणी बघितलं नसतं, आणि तुम्ही ते तीन चमचे लिहिले नसते तर मला काही कळलंही नसतं. बर्नीला काहीही कळवू नका.

तुमच्याविषयीची आपुलकी तसूभरही कमी झालेली नाही, हे जाणावे.
एनिड


मर्टल फ्लॅट
१३ फेब्रुवारी १९९७

श्रीमती एनिडताई यांस,
ॲथॉलचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग बसलो. बेचाळीस वर्षांत मी एकदाही भुकटीवर रंग मारलेला नाही. माझ्या हाताखालच्या एकाने मारला होता, त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. मला घरी कोण पाठवणार, मी घरीच आहे.

अस्तर बंद केलं. बाटली संपली असं नोलाला सांगितलं. सकाळी पाणी आणि गोळी ठेवतो आणि लगेच खोलीबाहेर जातो. चहा तिचा तीच करून घेते. मी आता तिला काही नेऊन देण्याच्या लायकीचा नाही असं वाटतं.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. दवाखान्याचं छत मीच रंगवलेलं आहे, ते बघत अर्धा तास बसलो आणि नाव पुकारायच्या आत परत आलो. पुढच्या आठवड्यात नक्की सांगेन. नोलालाही सांगेन. काल तिने एक स्वेटर काढला.

क्षमा असावी, लोभ असावा असं म्हणायचा धीर होत नाही.
ॲथॉल


मर्टल फ्लॅट
१० मार्च १९९७

ती. एनिडताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे आणि मला वेळ नाही. पहाटे चारपासून उठलेली आहे. घरातले सगळे पडदे धुतले, वाळले, पुन्हा धुतले. कोंबड्यांनाही धुतलं. स्वयंपाकघर जांभळं कुणी केलं असं ॲथॉलला विचारलं, तर म्हणतो तूच हो म्हणालीस. मी? मी शुद्धीत होते का?

मग मला त्या एकतीस बक्षिसांची आठवण झाली आणि अंगावर काटा आला. त्यातल्या एका बरणीतलं लेमन कर्ड दुकानातलं होतं, ताई, लेबल खरवडलेलं मला तेव्हाही दिसलं होतं आणि मी हसून फीत लावली. मी एकतीस जणांना पत्रं लिहिली आहेत. प्रत्येकाला आपलं बक्षीस का परत घेतलं जात आहे ते कारणासह कळवलं. पडद्याचे तुकडे मात्र ठेवून घ्या म्हटलं. ऊनालाही कळवलं की तिचा केक करपलेला होता आणि गुच्छ तिने स्वतः द्यावेत. समितीची तातडीची सभा बसते आहे म्हणे. बसू दे.

फक्त छाती जोरात धडधडते आणि हात थोडे कापतात, अक्षरावरून दिसतच असेल. ॲथॉल माझ्याकडे खून करून आल्यासारखा बघतो आणि काही विचारलं की शेडमध्ये पळतो. उद्या दोघं डॉक्टरांकडे जातो आहोत. तो येत नव्हता, मी त्याची टोपी लपवून त्याला कबूल करायला लावलं.

घाईत आहे, माया असू दे.
नोला


मर्टल फ्लॅट
५ एप्रिल १९९७

ती. एनिडताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तुमच्या बेटावर धुकं पडलं आणि तुझं विमान राहिलं, तेव्हा सगळं सविस्तर लिहिते. आता शांत बसून लिहिते आहे, हात कापत नाही.

डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली आणि विचारलं की अचानक काय बदललं. मी म्हटलं काहीच नाही. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून ॲथॉल उठला आणि टोपी छातीशी धरून म्हणाला, “मी हिला भुकटीवर रंगवत होतो.” बाईंना काही समजेना. मग त्याने पहिल्या चमच्यापासून तिसऱ्यापर्यंत सगळं सांगितलं, तुझ्या पत्रासकट, आणि सांगताना रडला. बाईंनी डोस पुन्हा पहिल्यासारखा केला, दीड महिन्याने रक्त तपासायचं ठरवलं, आणि आम्हां दोघांनाही शाळेतल्या पोरांसारखं झापलं.

मी रागावले, ताई. परतताना नदीवरचा पूल येईपर्यंत मी खिडकीबाहेरची कुंपणं मोजत होते. तीन महिने मी स्वतःला आईच्या खुर्चीत बसलेली बघत होते, आणि हा माणूस रोज सकाळी हसत हसत चमचा भरत होता. पूल ओलांडल्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत राहिला, आणि मध्येच त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला आणखी राग आला. का हसतोस विचारलं तर म्हणाला, नोव्हेंबरपासून मला कुणी असं बोललं नव्हतं.

प्रदर्शनाचं ऐक. समितीने सभेत मला काढायचं ठरवलं होतं, पण त्या एकतीस जणांपैकी एकोणीस जण तिथे येऊन म्हणाले की नोलाबाईच हव्यात. आमचं लोणचं कसं आहे ते निदान त्यांच्या पत्रातून पहिल्यांदा कळलं, असं एक शेतकरी म्हणाला. मी चाखायला बसले. बावन्न बरण्या होत्या, आणि व्हिनेगर जिभेला असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलंही नाही. दोन पहिली बक्षिसं दिली. ऊनाला मोहरीच्या लोणच्यात दुसरं दिलं. वर अजून थोडं पाणी आहे. बर्नीची खोली दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, देव त्यांचं भलं करो.

आता सकाळचं सांगते. साडेपाचला ॲथॉल गोळी आणि पाणी घेऊन येतो. तू एक तास लिहिलास म्हणून चहा साडेसहाला. पूर्वी तो ट्रे ठेवून जायचा. आता मी तासाआधी बिस्किट खाईन या भीतीने पलंगाच्या कडेला घड्याळ घेऊन बसून राहतो. रंगवायला काही नाही, खायला काही नाही, म्हणून आम्ही बोलतो. बेचाळीस वर्षं शिडीवर चढणाऱ्या माझ्या नवऱ्याला उंचीची भीती वाटते, हे मला गेल्या मंगळवारी कळलं. चर्चचा मनोरा त्याने डोळे मिटून रंगवला. मी विचारलं, मला कधी सांगितलं का नाहीस, तर म्हणाला, तू कायम कोंबड्यांना दाणे टाकायला गेलेली असायचीस.

निघताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या की गोळीनंतर अर्धा तास थांबलं तरी माझ्यासारखीला पुरे, पूर्ण तास थांबायची गरज नाही. ॲथॉल तेव्हा बाहेर गाडी वळवत होता. मी त्याला सांगितलेलं नाही. तूही कळवू नकोस.

तुझा लोभ मला अजून पुष्कळ वर्षं लागणार आहे.
तुझी
नोला